साहेब, चाकं वाकडी झालीत

गाडीवर पैसे खर्च केले की ते लोकांना दिसावेत, एवढी साधी अपेक्षा माणूस बाळगून असतो. सनरूफ दिसतं. नवी सीट कव्हरं दिसतात, आणि त्यांच्यावरचं प्लॅस्टिक वर्षभर काढलं नाही तर जास्तच दिसतात. पण रोजची गाडी रेसट्रॅकवर पळवायची म्हणून तिच्यात जे जे करून घ्यावं लागतं, ते एक तर दिसतच नाही, नाही तर बिघाड म्हणून दिसतं.

माझी गाडी पोलो. टर्बो पेट्रोल, 105 अश्वशक्ती, जन्म चाकणचा. 2022 साली तिथे पोलो बनायची थांबली, तेव्हापासून माझ्या मते तो वारसा आहे आणि बायकोच्या मते जुनी गाडी.

इंजिनाला मी हात लावलेला नाही. हे कळताच तरुण मंडळींचा माझ्यातला रस संपतो. त्यांना स्टेज वन, स्टेज टू ऐकायचं असतं. मी सांगतो, "ब्रेक ऑइल बदललं." ते "अच्छा" म्हणतात आणि मोबाइल बघायला लागतात.

वास्तविक ब्रेक ऑइल हाच या सगळ्या खटाटोपाचा पाया. साडेअकराशे किलोची गाडी ताशी 150 वरून 70 वर आणायची, तर तेवढ्यात जी उष्णता निघते तिच्यावर दोन लिटरहून जास्त पाण्याला आधण येईल. म्हणजे प्रत्येक मोठ्या वळणाआधी एका हळदीकुंकवाचा चहा, आणि वळणं येतच राहतात. नवंकोरं डॉट फोर तेल 230 अंशांच्या आत उकळत नाही. पण ते हवेतली ओल पीत बसतं. पुरेसं पाणी प्यायलं की त्याचा उत्कलनबिंदू 155 च्या आसपास येतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात प्यायला पाण्याची कमतरता नसते. तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पेडल दाबलं की बुडबुडे दबतात, गाडी मात्र दबत नाही. पेडल सरळ जमिनीला टेकतं. हे टाळायला खर्च येतो काही शे रुपये. एवढ्या स्वस्तात जीव वाचतो म्हणूनच बहुधा कोणी मनावर घेत नाही.

पॅड बदलले तेव्हा मात्र सगळ्या सोसायटीला कळलं. ट्रॅकचे पॅड तापल्यावर कामाला लागतात, थंड असताना नुसते किंचाळतात. सवय व्हावी म्हणून मी ते आधीच बसवून घेतले होते. त्या काळात आमचा वॉचमन हॉर्नची वाट न बघता गेट उघडायचा. तळमजल्यावरच्या काकांनी अत्यंत काळजीने विचारलं, "ब्रेक गेले का हो?" ब्रेक आले होते, पण हे त्यांना कसं सांगणार?

मग कॅम्बर. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते आणि बाहेरचा टायर कडेवर येतो. म्हणून पुढची चाकं वरून आत झुकलेलीच बसवायची, म्हणजे ऐन वळणात टायर सपाट टेकतो. मिस्त्रींनी हे काम दिवसभर खपून केलं. पातळीनळी, दोरा, शिवाय अलाइनमेंटचं मशिन, कशालाही त्यांनी विश्रांती दिली नाही. दुसऱ्या दिवशी पंपावर पेट्रोल भरणारा पोरगा खाली वाकून बघत म्हणाला, "साहेब, चाकं वाकडी झालीत. खड्ड्यात गेली होती का?" टोलनाक्यावर एकाने सांगितलं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने सांगितलं, वर ओळखीचं गॅरेजही सुचवलं. पुण्यात लोक दुसऱ्याच्या गाडीकडे इतक्या आत्मीयतेने पाहतात हे मला माहीत नव्हतं.

सस्पेन्शन कडक केल्याचं पहिलं परीक्षण सासूबाईंनी केलं. सिंहगड रस्त्याने त्यांना घरी सोडत होतो. बराच वेळ त्या गप्प होत्या, मग म्हणाल्या, "जावईबापू, पूर्वी स्प्रिंगा होत्या ना गाडीत?"

"आताही आहेत. जास्त चांगल्या घातल्यात."

त्यांनी मागे वळून मुलीकडे पाहिलं. त्या नजरेत काही जुने निर्णय तपासून पाहिले जात होते.

यापुढे कायदा येतो. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की आरसी बुकात कंपनीच्या तपशिलानुसार जे लिहिलंय, त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. सुप्रीम कोर्टानेही 2019 च्या जानेवारीत ते ठणकावून सांगितलं आहे. आमच्या आरसीवर आसनं पाच. वजन कमी करायला मागची सीट काढायची तर ती ट्रॅकवर पोचल्यावरच काढणं बरं. विम्याच्या कागदावरही बारीक अक्षरात शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर भिंतीला जे काही द्याल ते स्वखुशीने दिलेलं समजतात.

आणि ट्रॅक कुठे? कंपन्यांच्या आवारातले चाचणीचे रस्ते सोडा, तिथे आपल्याला कोण घेतंय. आम्ही गेलो मद्रासच्या ट्रॅकवर. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै इथे 1990 पासून तो चालू आहे, एक फेरी सुमारे 3.7 किलोमीटर. पुण्याहून तिथवरचं अंतर बाराशे किलोमीटरच्या घरात. म्हणजे चाकणला जन्मलेल्या गाडीला चार मोकळी वळणं बघायला तीन राज्यांतून जावं लागतं, तेही त्या सस्पेन्शनवर. बेंगळुरू यायच्या आत माझ्या मित्राने बोलणं बंद केलं होतं. रागाने नव्हे, जीभ चावली जात होती म्हणून.

लॉजवर पोचल्यावर आम्ही सीट काढली. आता ती ठेवायची कुठे? दोघांनी दोन टोकं धरून ती जिन्याने वर नेली. तिच्यामागून स्टेपनी, जॅक आणि पायपुसणी गेली. काउंटरवरच्या माणसाने सीटकडे एकदा, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "एक्स्ट्रा पर्सन?" खोलीत खुर्ची एकच होती, त्यामुळे सीटची सोय मात्र उत्तम झाली.

सकाळी तपासणी. हेल्मेट, टो हुक, बॅटरीची पकड, चाकांचे नट. तपासणीसाने चाकांचा झुकाव पाहिला आणि काहीच बोलला नाही. भारतात असाही एक माणूस आहे, हे पाहून मला भरून आलं. मग त्याने डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बोट केलं. आत सुटी वस्तू चालत नाही. गणपती सासूबाईंनी चिकटवलेला. त्याने दोन बोटांनी हलवून पाहिला, मग पाच बोटांनी, मग दुसऱ्या हाताने डॅशबोर्ड धरून. गणपती ढिम्म. त्याने कागदावर बरोबरची खूण केली. नट मात्र एक सैल निघाला.

ट्रॅकवर काय झालं ते लिहिण्यासारखं फार नाही. सरळ रस्त्याच्या टोकाला पाय ब्रेकवर पडला, पेडल दगडासारखं घट्ट राहिलं, आणि पॅड इतके तापले की किंचाळायचेच विसरले. टायर गरम होऊन हवा वाढली, ती दर खेपेला काढत बसलो. बाकी वेळ मागून येणाऱ्यांना वाट दिली. त्यात मी पुणेकर असूनही कुचराई केली नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी चौकशी केली.

"एवढ्या लांब जाऊन गेलात कुठे?"

"कुठे नाही. तिथल्या तिथेच. फेऱ्या मारल्या."

"गाव कोणतं म्हणालात?"

"श्रीपेरुंबुदूर."

"अहो, रामानुजाचार्यांचं जन्मगाव ते! दर्शन घेतलंत ना?"

मी मित्राकडे पाहिलं. त्याने चहाच्या कपात पाहिलं.

"म्हणजे दिवसभर प्रदक्षिणा घातल्यात," त्या म्हणाल्या, "आणि देवळाला एकही नाही." मग जरा वेळ विचार करून ठरवूनच टाकलं, "पुढच्या वेळी मी येते. ती मागची सीट तेवढी काढू नका."