विमा गाडीचा, घोर बापाचा

अहो, ऐकलंत का? ऐकलं असणारच. रविवारी रात्री सुरतेच्या डुमस रोडला जो उभा राहतो, त्याला ऐकावंच लागतं. आधी लांबून गुरगुर. मग फटाक्यांची माळ लागल्यासारखे सायलेन्सरचे चार-दोन बार. मग पिवळंधमक किंवा पोपटी असं काहीतरी, जमिनीला पोट घासत, डोळ्यांसमोरून निघून जातं. आत कोण? मिसरूडही धड न फुटलेलं पोरगं. शेजारी कोण? तसलंच दुसरं. आणि कडेला लोचोची प्लेट हातात धरून ‘काय हे, काय हे’ करणारे कोण? आपण! एका हातात लोचो, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि व्हिडिओ चालू. लाज म्हणून काही उरली आहे की नाही या शहरात? उरली असेल तर ती मागच्या सीटवर बसली असेल, आणि या गाड्यांना मागची सीटच नसते.

सुरतेत पाऊल ठेवल्यावर पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक मराठी माणूस लुटीचा विषय काढतो. आम्हीही काढून टाकतो, म्हणजे मोकळे. 1664 मध्ये महाराजांनी सुरत लुटली, 1670 मध्ये पुन्हा लुटली. त्या दोन्ही वेळा सुरतकरांनी पळ तरी काढला होता! आता काय? शोरूमवाल्याने लुटावं म्हणून सहकुटुंब जायचं, गाडीला हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं, आणि लुटून झाल्यावर पेढे आपणच वाटायचे. चार कोटींच्या गाडीच्या चाकाखाली चार रुपयांचं लिंबू! खरा विमा तोच म्हणायचा.

2025 च्या फेब्रुवारीतला तो निरोप समारंभ आठवतो ना? बारावीची पोरं शाळेच्या निरोपाला निघाली. आपल्या वेळी निरोप समारंभ म्हणजे काय होता? सामोसा, वेफर्स, वर्गशिक्षकांचं लांबलेलं भाषण, आणि शर्टावर मित्रांच्या सह्या. या पोरांनी काढला तीसएक आलिशान गाड्यांचा ताफा. खिडकीतून अर्धं धड बाहेर, छतातून डोकी वर, धुराच्या नळकांड्या, वरून ड्रोनने शूटिंग. पोलिसांना शोधाशोध करावीच लागली नाही, पुरावा पोरांनीच चित्रीकरण करून जगाला दाखवला होता. गाड्या जप्त झाल्या, गुन्हे नोंदले गेले. आणि आपण? ‘छे छे, संस्कारच नाहीत’ म्हणत तो व्हिडिओ नऊ ग्रुपांवर पाठवला. चौथी गाडी कोणती होती यावर तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपात दोन दिवस वाद चालला.

आता खरी गंमत ऐका, गाड्यांच्या विम्याची. आमच्या चुलतभावाचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो. अठराव्या वर्षी त्याने एक मरतुकडी, सेकंडहँड, डबड्याएवढी गाडी घेतली. विम्याचा आकडा आला तो गाडीच्या किमतीहून मोठा! वर कंपनीने गाडीत एक काळी डबी बसवली. ब्रेक जोरात मारला, डबी चुगली करणार. रात्री उशिरा फिरला, डबी चुगली करणार. सासू बरी, निदान तिला झोप तरी लागते. तिकडे गाड्यांचे विम्यासाठी 1 ते 50 असे गट असतात, आणि शेवटच्या गटातली गाडी अठराच्या पोराला हवी म्हटलं तर बहुतेक कंपन्या दारातूनच रामराम करतात.

आणि आपल्याकडे? तुमचं वय, तुमचे प्रताप, तुमची रात्रीची भटकंती, कशाकशाशी विम्याच्या मूळ हिशेबाला देणंघेणं नाही! थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, हप्ता सरकार ठरवतं, तोही इंजिनाच्या आकारावर. 1 जून 2022 पासूनचा दर सांगतो. 1500 सीसीच्या वरची खासगी गाडी, वर्षाला 7,897 रुपये. त्यात काकांची ती इनोव्हा, जिच्यातून आपण शिर्डी, सप्तशृंगी आणि दोन बारशी उरकून आलो, तीही आली. आणि 5200 सीसीची, दहा सिलिंडरांची लॅम्बोर्गिनीही आली. दोघींना एकच दर! तिचा चालक साठीचा असो की एकोणिशीचा, 7,897. नवी असेल तर तीन वर्षांचे एकदम 24,596. एवढ्यात त्या गाडीचा एक टायर तरी येतो का? यापेक्षा मोठा समाजवाद देशात दुसरीकडे कुठे शिल्लक असेल तर कळवा.

मग पैसे जातात कुठे? गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. तो गाडीच्या किमतीवर चढतो. इथेही सुरतकरावर लक्ष्मी प्रसन्न. जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे, अहमदाबाद अशी आठ शहरं ‘अ’ झोनमध्ये, आणि आपली सुरत उरलेल्या भारतासोबत ‘ब’ झोनमध्ये. मोठ्या इंजिनाच्या नव्या गाडीला ‘अ’ मध्ये 3.440 टक्के, ‘ब’ मध्ये 3.343. 2007 पासून हे दर खुले झाले, कंपन्या त्यावर भरघोस सूटही देतात, पण नुसत्या दरपत्रकावरच बोट ठेवलं तर विम्यात पूर्ण चार कोटी धरलेल्या गाडीला सुरतकराचा हप्ता तेरा लाख सदतीस हजारांच्या घरात, आणि पुणेकरापेक्षा 38,800 रुपयांनी कमी. चार कोटी उडवून अडतीस हजार वाचवल्याचा आनंद काय असतो, तो फक्त व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर बघावा. आमच्या ओळखीचे एक साडीवाले हा हिशेब भेटेल त्याला सांगतात. गाडी का घेतली, ते मात्र सांगत नाहीत.

बरं, पॉलिसीचं बारीक अक्षर कुणी वाचलंय? आपण वाचलंय, कारण दुसऱ्याची पॉलिसी वाचण्याइतकी मजा कशातच नाही. त्यात साफ लिहिलेलं असतं, की शर्यत लावली तर विमा नाही. वेगाची चाचणी घेतली तर विमा नाही. भाड्याने दिली तर विमा नाही. लायसन्स नसलेल्याच्या हाती दिली तर नाहीच नाही. मग ही गाडी घ्यायची तरी कशाला हो? देवदर्शनाला? स्पीडब्रेकर आला की साप कात टाकतो तशी तिरपी-तिरपी करत पार करायची, आणि मागच्या रिक्षावाल्याकडून ऐकून घ्यायचं! रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर साध्या पॉलिसीत निम्मी घसारा-कपात, म्हणून ‘झिरो डेप’ घ्या. इंजिनात पाणी शिरलं तर साधी पॉलिसी हात वर करते, म्हणून ‘इंजिन प्रोटेक्ट’ घ्या. ज्या गावात 2006 मध्ये तापीने घराघरात येऊन भेट दिली आणि दर पावसाळ्यात खाडीपूर पर्वत पाटियापर्यंत येऊन विचारपूस करतो, तिथे जमिनीपासून चार बोटं वर चालणारी गाडी! आणि शोरूमबाहेर चाक पडलं की विम्याच्या खात्यात किंमत लगेच पाच टक्क्यांनी खाली. चार कोटींचे वीस लाख तिथेच गेले, अजून लिंबूसुद्धा फुटलेलं नसतं. पाचव्या वर्षी हिशेबात निम्मीच गाडी उरते. कर्ज मात्र निम्मं होत नाही.

नंबरप्लेटचं तर बोलूच नका. अहमदाबादेत 2020 मध्ये एकाने 0007 या नंबरासाठी 34 लाख मोजले. गाडी होती चाळीसएक लाखांची! म्हणजे कपाळावरच्या टिकलीला जवळजवळ नवरीएवढाच खर्च. त्याच सुमाराला तिथेच एक पोर्शे कागदपत्रांविना सापडली. तिला 16 लाख कर, 7 लाख 68 हजार व्याज आणि 4 लाख दंड, मिळून 27 लाख 68 हजारांची पावती फाडून मिळाली. ही पावती आपल्याला तोंडपाठ आहे. स्वतःच्या घरपट्टीची नाही.

यात एका हिरेवाल्याने मात्र सगळ्यांची पंचाईत करून ठेवली. सावजी ढोलकिया. 2016 च्या दिवाळीत कारागिरांना 1,260 गाड्या वाटणारा हा माणूस. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेत शिकणाऱ्या स्वतःच्या पोराला काय दिलं? सात हजार रुपये, तीन जोड कपडे आणि कोचीचा रस्ता. बापाचं नाव सांगायचं नाही, मोबाइल वापरायचा नाही, एका नोकरीत आठवड्याहून जास्त टिकायचं नाही. पोरगं बेकरीत राबलं, चपलांच्या दुकानात उभं राहिलं. अख्ख्या सुरतेने टाळ्या वाजवल्या. ‘बाप असावा तर असा’ म्हणून डोळे पुसले. आणि डोळे पुसून झाल्यावर आपापल्या पोराला विचारलं, बेटा, लाल घ्यायची की काळी?

एवढ्या टवाळीत एकदा जीभ चावायला हवीच. 2023 च्या जुलैत अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर एका जॅग्वारने नऊ माणसं नेली. पुढल्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दोघांना. ती पोर्शे रस्त्यावर नोंदणीविनाच फिरत होती, का, तर 1,758 रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कायदा कडक आहे, घरात किल्ली टेबलावरच असते.

असो. आपण कुठे होतो? हां, आपण धुतल्या तांदळाचे. खरंच का? मग आपल्या लिंबायत-डिंडोलीच्या लग्नांत आजकाल नवरदेव घोड्यावरून उतरून कशात बसतो? भाड्याच्या उघड्या टपाच्या गाडीत! पॉलिसीत भाडं चालत नाही, हे आत्ताच तर वाचलं ना आपण? तरी मिरवणुकीत पुढे नाचलो. जळगाव-धुळ्याहून भुसावळ-सुरत पॅसेंजरने आलेली, उधन्याला लूमवर उभी राहिलेली आपली बापमंडळी, आणि त्यांची नातवंडं मोबाइलवर रात्री बारा वाजता हप्त्याचं कॅल्क्युलेटर चालवतायत. ‘फक्त बघतोय’ म्हणतात. सगळे फक्त बघतच असतात. मीही परवा फक्त बघतच होतो.

आमच्या भाच्याने तर बघता बघता घेतलीच. वय तेवीस. एम्ब्रॉयडरीच्या मशीनांचं कर्ज अजून अंगावर, तरी आणली एक जुनी, दोन सीटची, निळी जर्मन गाडी. सात वर्षांची म्हातारी, तिची विम्याची किंमत खाली आणि दुरुस्तीची वर. डिंडोलीच्या मावशीने तिला चारी बाजूंनी बघितलं, डिकी उघडायला लावली, आत डोकावली आणि कपाळाला हात लावला. “हाई गाडीमा गहूनं पोतं कोठे ठेवशी रे?” भाचा गप्प. मावशीने मग सगळ्या नातेवाइकांना फोन लावून पोराचं वाटोळं झाल्याचं कळवलं. आठवडाभर घराघरात हाच विषय. भाच्याच्या हप्त्याचा आकडा त्याच्याआधी नंदुरबारला पोहोचला होता.

2025 च्या जुलैत डुमसच्या किनाऱ्यावर एक मर्सिडीज चिखलात रुतली, आठवतं? किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी असताना! सगळ्या देशाने ती बघितली. त्यानंतर भाच्याने शपथ घेतली, की आपली निळी डुमसला नेईन, पण डांबर सोडणार नाही. गेल्या रविवारी नेलीही. आणि शेजारच्या सीटवर कोण? मावशी! इरकली नऊवारी, डोळ्यांवर भाच्याचा काळा चष्मा, टप उघडं. रस्त्याच्या कडेला लोचो खात उभी असलेली माणसं तिचा व्हिडिओ काढत होती, आणि ती हात हलवत होती.

परत आल्यावर तिला गाडीतून बाहेर काढायला दोन माणसं लागली. जमिनीवर पाय टेकताच पहिला प्रश्न, फोटो नीट आलाय का? दुसऱ्या दिवशी तो तिच्या व्हॉट्सअॅपला लागला. मी मुद्दाम फोन केला आणि विचारलं, मावशे, गव्हाच्या पोत्याचं काय ठरलं मग?

“ते येई ना रिक्षामा,” मावशी म्हणाली.