ब्लॅकआऊटच्या नियमा, आता पुरे

अमेरिकन बेसबॉलमधल्या ब्लॅकआऊटच्या नियमास,

तुला ‘सप्रेम नमस्कार’ लिहावा असं तू काहीही केलेलं नाहीस. म्हणून थेट आरोपांनाच हात घालतो.

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. वर्गणी भरून हे सामने इंटरनेटवर पाहता येतात. मात्र वर्गणीदाराने आपल्याच भागातल्या संघाचा सामना लावला, की तू आडवा येतोस. पैसे घेतलेले असतात, चित्र मात्र येत नाही. क्लबने त्या भागातले हक्क स्थानिक केबल वाहिनीला विकलेले असतात आणि तू त्या वाहिनीचा पहारेकरी असतोस. वर्षानुवर्षं सिएटलच्या माणसाने बोस्टनचा संघ रोज पाहिला, तर तुझी हरकत नसायची. त्याने सिएटलचा संघ पाहू म्हटलं, की तू दार लावायचास. देवळाच्या पायरीशी राहणाऱ्याला दर्शन बंद आणि परगावच्याला मुक्तद्वार, असा तुझा न्याय आहे. जो सर्वांत जवळचा, सर्वांत निष्ठावान, त्यालाच शिक्षा.

आयोवा राज्यात तू काय केलंस ते आधी सांगतो. त्या राज्यात मेजर लीगचा एकही संघ नाही. तरीही शिकागोचे कब्ज आणि व्हाइट सॉक्स, सेंट लुइसचे कार्डिनल्स, कॅन्सस सिटीचे रॉयल्स, मिलवॉकीचे ब्रुअर्स आणि मिनेसोटाचे ट्विन्स, असे सहाच्या सहा संघ तू वर्षानुवर्षं आयोवाचे ‘स्थानिक’ ठरवलेस. आयोवातल्या डे मॉइन शहरापासून शिकागो पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. संध्याकाळचं काम आटोपून तिथल्या मैदानावर कोण जाणार? हवाईतल्या माणसाच्या बाबतीत तर तू प्रशांत महासागरही मोजला नाहीस. होनोलुलू ते लॉस एंजेलिस अंतर सुमारे चार हजार किलोमीटर आहे, तरी पश्चिम किनाऱ्यावरचे संघ त्याच्याही गळ्यात ‘स्थानिक’ म्हणून मारलेस. ज्याला मैदान गाठता येत नाही, त्याच्यासाठीच तर प्रक्षेपण जन्माला आलं.

याच डे मॉइनमध्ये १९३०च्या दशकात डब्ल्यूएचओ नावाच्या रेडिओ केंद्रावर रोनाल्ड रेगन नावाचा तरुण कब्जच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायचा. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला तोच रेगन. तो मैदानावर नसायचाच. तारेने त्रोटक मजकूर यायचा आणि त्यावरून तो चेंडू, फटका, धाव सगळं श्रोत्यांसमोर उभं करायचा. एकदा ऐन शेवटच्या डावात तार बंद पडली, तेव्हा ती पुन्हा सुरू होईपर्यंत आपण फलंदाजाला एकामागून एक फाऊल मारायला लावले, हा किस्सा रेगन पुढे स्वतःच सांगत असे. तारेच्या चार अक्षरांवर आयोवाच्या शेतकऱ्याला कब्जचा सामना मिळत होता. उपग्रह आणि इंटरनेट आल्यावर त्याच्या नातवाला तो वर्गणी भरूनही मिळेना. ही प्रगती तुझ्या नावावर जमा आहे.

तुझं घराणं जुनं आहे, आणि त्याची चूक दर पिढीत सिद्ध झाली आहे. ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिनने फोर्ब्ज फील्डवरच्या सामन्याचं वर्णन केलं. मेजर लीगचा तो रेडिओवरचा पहिला सामना. लगेच मालकांच्या पोटात गोळा उठला: घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढील? शिकागोत कब्जचे मालक विल्यम रिग्ली यांनी उलट केलं. केंद्रांना त्यांनी मैदानाचे दरवाजे उघडे केले. १९२९ साली कब्जच्या मैदानावर १४ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. संघ त्या वर्षी उत्तम खेळला हे खरं, पण रेडिओने गर्दी पळवली असती, तर ती आलीच नसती.

न्यूयॉर्कच्या यांकीज, जायंट्स आणि डॉजर्स या तिन्ही क्लबांनी मात्र १९३४ मध्ये तुझ्या पूर्वजाला घरात घेतलं. पाच वर्षं रेडिओवर सामने द्यायचे नाहीत, असा करार झाला. देशातलं सर्वांत मोठं शहर आपल्याच संघांचं वर्णन ऐकायला मुकलं. लॅरी मॅकफेल डॉजर्सचा कारभार पाहायला ब्रुकलिनला आले, त्यांनी हा करार पुढे चालवायला नकार दिला आणि १९३९ च्या मोसमासाठी रेड बार्बर यांना समालोचक म्हणून आणलं. ब्रुकलिनमधले प्रेक्षक घटले नाहीत, वाढले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला तिथल्याच एबिट्स फील्ड मैदानावरचा सामना टेलिव्हिजनवर गेला. मेजर लीगचा तो टेलिव्हिजनवरचा पहिला सामना, आणि समालोचक बार्बरच.

ऐकल्याने माणूस मैदानापासून तुटत नाही, जोडला जातो. १९५८ मध्ये डॉजर्स लॉस एंजेलिसला गेले, तेव्हा तिथल्या कोलिझियम मैदानात बसलेले प्रेक्षक समोर खेळ चालू असताना ट्रान्झिस्टर कानाला लावत. त्यांना समालोचक विन स्कली यांचा आवाज हवा असायचा. स्कली यांनी १९५० ते २०१६ असे ६७ मोसम डॉजर्सचं वर्णन केलं. त्यांच्या शेजारच्या कक्षात हाइमे हारिन १९५९ पासून २०२२ पर्यंत तेच स्पॅनिशमध्ये करत होते. एका शहरातल्या किती पिढ्यांना या दोन आवाजांनी खेळ शिकवला!

त्या शहराशी २०१४ पासून जे घडलं, ते तुझं सर्वांत मोठं पाप. डॉजर्सनी २५ वर्षांचे हक्क ८०० कोटी डॉलरहून अधिक रकमेला विकले आणि त्यासाठी नवी वाहिनी निघाली. तिच्या दरावरून इतर केबल आणि उपग्रह कंपन्यांशी वाद झाला. परिणामी शहरातल्या बहुसंख्य घरांत डॉजर्स दिसेनासे झाले. इंटरनेटवर बघावं, तर तिथे तू होतासच. हा पेच २०२० पर्यंत सुटला नाही. विन स्कली यांचे अखेरचे तीन मोसम नेमके या काळात आले. जे त्यांचा आवाज ऐकत लहानाचे मोठे झाले, त्या म्हाताऱ्यांना आपल्याच शहरात त्यांचा निरोपाचा मोसम टेलिव्हिजनवर बघता आला नाही. शेवटचे काही सामने एका खुल्या वाहिनीवर दाखवले, तेवढंच. ती तीन वर्षं आता कोणत्याही कराराने परत मिळणार नाहीत.

चाहते गप्प बसले नव्हते. २०१२ मध्ये त्यांनी तुझ्या मालकांना न्यायालयात खेचलं. २०१६ मध्ये तडजोड झाली. वर्गणी थोडी उतरली, एकाच संघाचे सामने विकत घेण्याची सोय झाली, आणि तू तेवढा जिवंत राहिलास.

मग तू ज्यांच्यासाठी पहारा देत होतास, तेच कोलमडले. मार्च २०२३ मध्ये अनेक संघांचे स्थानिक हक्क बाळगणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुपने दिवाळखोरी जाहीर केली. मे महिन्याच्या अखेरीस सॅन डिएगो पॅड्रेसचं प्रक्षेपण लीगने स्वतःकडे घेतलं आणि त्या भागातल्या लोकांना थेट वर्गणी भरून घरच्या संघाचे सामने पाहण्याची मुभा दिली. तू तिथून हटलास. मैदान ओस पडलं का? त्या मोसमात पॅड्रेसच्या मैदानावर ३२ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. क्लबचा तोपर्यंतचा तो उच्चांक. तुझ्या बाजूने शंभर वर्षं सांगितली गेलेली सबब तुझ्याच डोळ्यांदेखत निकालात निघाली.

हे पत्र मराठीत आहे, कारण हा प्रश्न आम्हाला परका नाही. बाळ ज. पंडित यांचं क्रिकेटचं मराठी समालोचन आकाशवाणीवर ऐकून आमच्याकडे कितीतरी जणांनी न पाहिलेलं मैदान ओळखीचं करून घेतलं. १९९५ मध्ये आमच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी हक्कधारकांनी प्रसार भारतीला देणं बंधनकारक केलं. खेळाचा धंदा करा, पैसे मिळवा, पण ज्यांच्या जिवावर तो चालतो त्यांना बाहेर ठेवू नका, एवढं साधं तत्त्व त्यामागे आहे. बेसबॉलने आपल्या लोकांना निदान पैसे घेऊन तरी सामने दाखवावेत.

मेजर लीगचे राष्ट्रीय प्रक्षेपणाचे करार २०२८ च्या मोसमानंतर संपत आहेत. त्यानंतरच्या नव्या करारांत तुझ्यासाठी एकही कलम नको. वर्गणी भरणाऱ्याला, तो कुठेही राहत असो, आपल्या संघाचा प्रत्येक सामना दिसला पाहिजे. आयोवातल्या आजोबांना सहापैकी हवा तो संघ, होनोलुलूच्या मुलीला डॉजर्स, सिएटलच्या माणसाला सिएटल. ही मेहेरबानी नव्हे. त्यांनी मोजलेल्या पैशांचा तो हिशेब आहे, आणि तो चुकता झालाच पाहिजे.

बेसबॉलचा एक श्रोता