आल्प्सवाल्यांनो, एकदा नळदुर्गला या

जानेवारी लागला की आपलं सरकार दावोसला जातं आणि गुंतवणुकीच्या करारांची चळत घेऊन परततं. २०२५ साली तर आकडा पंधरा लाख कोटींच्या पुढं गेला. दावोस आल्प्सच्या कुशीत आहे. म्हणजे त्या डोंगराचं आपण इतकं घेतलं, दिलं मात्र काहीच नाही. पाहुणचाराला हे शोभत नाही. आता परतफेडीची संधी आली आहे, कारण आल्प्सवाल्यांचा हंगाम चुकायला लागलाय, आणि हंगाम चुकण्याच्या विषयात धाराशिव जिल्ह्याचा हात कोण धरणार?

प्रकरण असं. आल्प्सच्या उंच घळींत पिढ्यान्‌पिढ्या साचून दबलेल्या बर्फाच्या हिमनद्या आहेत. त्यांच्यावर भर जून-जुलैत लोक पायांना स्कीच्या पट्ट्या बांधून घसरायचे. एकेकाळी असा उन्हाळी धंदा डझनावारी गावांत चाले. २०२२ साली हिवाळ्यात बर्फ कमी पडला, मार्चमध्ये सहाराची धूळ येऊन तो मळला, आणि मळका बर्फ ऊन जास्त पितो. फ्रान्सच्या ले दोझाल्पनं १० जुलैलाच कुलूप लावलं, महिनाअखेर स्वित्झर्लंडच्या झरमॅटनंही उन्हाळी घसरणं थांबवलं. झरमॅटचा रोपवे पावणेचार हजार मीटरच्याही वर जातो. तिथंच ही गत, तर खालच्यांनी कुणाकडं बघायचं?

उपाय मात्र त्यांनी आपल्यासारखेच काढलेत. उन्हाळ्यात हिमनदीवर पांढरं जाड कापड अंथरतात. आपण शेततळ्यात पाण्याखाली प्लास्टिक घालतो, ते बर्फावर कापड घालतात. वर की खाली, एवढाच मतभेद. एखादा कोपरा वाचतो, हे खरं. बाकीच्या डोंगराला पांघरूण घालायचं तर कापड कुठल्या योजनेत बसवायचं आणि अनुदान किती टक्के, हे आमच्या तालुका कृषी कार्यालयाबाहेरचा कुणीही उभ्या उभ्या सांगेल.

पुढचा अंक आणखी ओळखीचा. झरमॅट आणि इटलीतल्या चेर्विनिया यांनी मिळून, एका देशात सुरू होऊन दुसऱ्यात संपणारी स्की विश्वचषकाची शर्यत ठरवली. २०२२ मध्ये ती बर्फ नाही म्हणून रद्द झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात उतार सरळ करायला हिमनदीवर चक्क खोदकामाची यंत्रं चढवली. (जिथं अडचण तिथं जेसीबी, हा शोध आपलाच, असं मी आजवर समजत होतो.) परवानगीच्या हद्दीबाहेर खोदाई झाली म्हणून प्रशासनानं काम थांबवलं. नोव्हेंबरात शर्यत पुन्हा रद्द. या वेळचं कारण बर्फ फार पडला आणि वारा सुटला! आधी कोरडा दुष्काळ, मग ओला. आमच्याच जिल्ह्यातल्या परंड्याच्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही. टंचाईत टँकरची वाट बघणाऱ्या त्याच तालुक्यात सप्टेंबर २०२५ मध्ये पुरात अडकलेल्यांना काढायला हेलिकॉप्टर आलं होतं.

तर पाहुण्यांनो, अभ्यासदौऱ्यावर या. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाही बांध आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदीला पाणी आलं की नर आणि मादी असे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि आत उभा राहिलेला माणूस कोरडा राहतो. पाणी नसलं की महाल नुसता महाल असतो, तोही बघण्यासारखा. तिथल्या शिलालेखात ‘३६५ दिवस खुला’ असं कुठंही कोरलेलं नाही. ऑस्ट्रियाची हिंटरटुक्स हिमनदी ती जाहिरात अजून करते. आदिलशाहाला तेवढा धीर झाला नाही. आमची प्रजा मात्र त्याच्यापेक्षा धीट. धबधबा नाही म्हणून किल्ल्याच्या दारात तिकिटाचे पैसे परत मागणारी मंडळी आमच्याकडंही आहेत, जणू बोरी नदी कंत्राटदारानं रात्री बंद केली.

किल्ला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच आहे, चुकायचं काही कारण नाही. फक्त निघण्याआधी वरचं बोरी धरण भरून सांडव्यावरून वाहतंय का, एवढं गावात कुणाला तरी विचारून घ्या. मोबाइलवरच्या रीलवर विसंबू नका. ती गेल्या वर्षीची असते.