तेहतीसमामा

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर. पावसाळ्यात इथं माणसाच्या आधी गोसीखुर्द धरणाची तब्येत विचारतात, आणि ती सांगायचा मक्ता तेहतीसमामांकडे. धरणाला 33 दरवाजे. त्यातले किती उघडले, हे तलाठ्याच्या आधी मामांना कळतं. नाव तिथूनच पडलं.

मोबाइल बंडीच्या खिशात, त्यावर पन्नी, पन्नीवर रबर. मेसेज वाजला की हे सगळं सोडवून मामा गरजतात, "तेहतीसच्या तेहतीस उघडले गा!" पानठेल्यावरची मंडळी ताडकन उभी. दरवाजे अर्धा मीटर उघडले की अडीच, पाणी किती सुटलं, हे पुढच्या ओळीत असतं. पण मामा पुढची ओळ वाचत नाहीत. एकदा मीच समजावलं, दरवाजे मोजू नका, विसर्ग बघा. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला 1,000 लिटर.

"म्हंजे किती घागरी?"

पंधरा लिटरची घागर धरून मी सहासष्ट सांगितल्या.

"मंग घागरीतच लिवाचं ना!"

हा मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही.

एकदा लेकीकडे भामरागडला निघाले, तर पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी. एसटी अलीकडेच थांबली. मामा उतरले, काठी टेकवत पाण्याच्या कडेला जाऊन आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "घोट्याएवढंच तं हाय, हान गाडी." ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "मामाजी, खाली पूल हाय का वाहून गेला, हे घोट्याले कसं समजन?" मामा तो सगळा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. ती रात्र दोघांनी एसटीतच काढली.

हवामान खात्याच्या रंगांचा मामांनी आपल्यापुरता अर्थ लावला होता. पिवळ्याला छत्री, केशरीला गुरं आत, लालला घरात बसून भजी. तो रंग पावसाचा, नदीचा नव्हे, हे 2020 च्या ऑगस्टअखेरीस कळलं. आमच्याकडे आभाळ उघडं. पाऊस कोसळला होता वर, मध्य प्रदेशात. ते पाणी गोसीखुर्दमधून खाली निघालं. कोतवालानं दवंडी दिली. मामांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग कोतवालाकडे. "पानी नाही पडून रायलं, पूर कोठून येते? निंबाच्या पाराले लागलं का उठतो मी." आणि झोपले.

पाराला पाणी लागलं, पण रात्री लाइट गेलेली, ते कुणाला दिसलं नाही. खाटेला लागलं तेव्हा मामांना कळलं. पोरांनी त्यांना डोंग्यात घातलं. तोंडाला मास्क, मांडीवर शेळी, खाली वैनगंगा. जाताना मामा बुडालेल्या पाराकडे असे पाहत होते, जणू त्यानंच दगा दिला.

उंचावरच्या शाळेत खिचडी शिजत होती. तेवढ्यात मामांचा मोबाइल वाजला. सगळा वऱ्हांडा त्यांच्याकडे वळला. मामांनी पन्नी सोडली, आकडा वाचला, मग पुढची ओळ, त्याच्या पुढची. आणि शेवटी अक्षर अक्षर लावत, 'नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे.'

थोडा वेळ गप्प राहून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "हे ओळ रोजच रायते का गा?"