फोडणी ज्याची त्याची

रविवारी चार घरांनी एका स्वयंपाकघरात जमायचं, आठवड्याचा स्वयंपाक एका दमात उरकायचा आणि सोमवारपासून नुसते डबे गरम करून जेवायचं, ही योजना ऐकताना कुणालाही पटते. ती मोडते ती आळसामुळे नव्हे, आमटीमुळे. एका घरात आमटी म्हणजे गोडा मसाला, चिंच आणि गूळ. दुसऱ्या घरी आमसूल आणि ओलं खोबरं हवं. तिसरं घर कोल्हापूरकडचं, तिथे कांदा-लसूण मसाल्याशिवाय डाळीला डाळ म्हणत नाहीत. चौथ्या घरी चातुर्मास, म्हणजे कांदाही नाही आणि लसूणही नाही. चौघांना चालेल अशी आमटी करायची तर एकेकाच्या हरकतीचं एकेक काढत जावं लागतं, आणि शेवटी पातेल्यात जे उरतं ते इस्पितळात पथ्याचं वरण म्हणून देतात.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे बायका पिढ्यान्‌पिढ्या एकत्र जमून पापड, कुरडया, सांडगे करत आल्याच की! आल्या, पण काय करत आल्या ते पाहा. सगळं वाळवण, म्हणजे खाण्याच्या एक पायरी आधी थांबलेलं. पापड तळायचा की भाजायचा, यावर गच्चीवर कुणी मत मागत नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ सुरू केलं, तेव्हाही एकमेकींचं रात्रीचं जेवण रांधायला त्या जमल्या नव्हत्या. तिथली पद्धतही मोठी शहाणपणाची आहे: पीठ केंद्रावर मळायचं, पापड आपापल्या घरी लाटायचे. भांडणाला जागा असलेली पायरी त्यात कुठेच नाही.

दुसरी हरकत ज्येष्ठांची: आठवडाभर शिळं खायचं? हीच मंडळी फोडणीची पोळी मिटक्या मारत खातात, हे क्षणभर बाजूला ठेवू, कारण विज्ञान बरंचसं त्यांच्याच बाजूचं आहे. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात जिवाणू असं विष तयार करू शकतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजवलेली भाजी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते. म्हणजे रविवारी रांधलेला आठवडा गुरुवारी संपतो, आणि शुक्रवारी चारही घरं बाहेरून मागवतात.

म्हणून म्हणणं एवढंच, की फोडणीपर्यंतचं सगळं एकत्र करावं आणि फोडणी ज्याने त्याने आपल्या घरी द्यावी. कांदा-खोबरं भाजून वाटण करावं, ते लहान डब्यांतून फ्रीझरमध्ये जावं. कांदा न खाणाऱ्यांचा डबा वेगळा. नारळ खवावेत, चिंचेचा कोळ काढावा, पालेभाजी निवडावी, मटकीला मोड आणावेत. आणि वाल! भिजवलेले, मोड आलेले वाल एकेक करून सोलणं ही एकट्यादुकट्याला शिक्षाच; चौघांत मात्र तेच संमेलन होतं आणि अध्यक्षीय भाषण नसल्याने वेळेत संपतं. नवरेमंडळींनाही इथे खुशाल बसवावं. लसूण सोलायला मत लागत नाही.

मग रोज गॅसपाशी उभं राहायचंच असेल तर वाचलं काय, असं विचारणारे असतातच. रोज संध्याकाळी जीव नकोसा होतो तो मोहरी तडतडताना नव्हे. कढई तापल्यावर लसूण सोललेला नाही हे कळतं, तेव्हा. ते एवढं टळलं की उरलेला अर्धा तास कुणालाही झेपतो, आणि गूळ किती घालायचा हा अधिकारही शाबूत राहतो.

एका गोष्टीचा बंदोबस्त मात्र यातही होत नाही. वाटण न्यायला आणलेले डबे एकमेकांच्या घरी राहतात आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करायची पद्धत नाही. बुधवारी बेल वाजते, आपलंच नाव घातलेला स्टीलचा डबा दारात असतो, आणि आत काठोकाठ त्यांची आमटी.