बोट सरकारी, चटणी घरची

सरकारकडे एक बोट आहे. १२ मिलिमीटर जाड, ८० मिलिमीटर लांब, धातूचं, दोन सांध्यांचं. विजेवर चालणारं घरगुती उपकरण प्रयोगशाळेत तपासायला आलं की हे बोट त्याच्या फटींत, भोकांत, झाकणाच्या खाचांत घालून बघतात. आत वीज खेळत असलेल्या भागाला ते टेकलं की जोडलेला दिवा लागतो, आणि उपकरण नापास. आयएस ३०२ या भारतीय मानकातली ही चाचणी. बोटाची मापं जगभर हीच. भोक दिसलं की माणूस त्यात बोट घालणारच, हे गंभीर चेहऱ्याच्या तज्ज्ञांनी समितीत बसून मान्य केलं, हे वाचून मला भरून आलं. माझ्या स्वभावाची इतकी नेमकी दखल आजवर घरातसुद्धा कोणी घेतली नव्हती.

हे सगळं मी वाचलं, कारण मी बँकेतून निवृत्त झालोय. निवृत्त बँकवाल्याची तपासायची सवय सुटत नाही आणि तपासायला काही उरत नाही. त्यात एक दिवस डब्यांखाली घातलेला जुना पेपर हाताला लागला. प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा झाला, तरी बिनशिक्क्याचे कुकर विकले म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली बड्या ऑनलाइन दुकानांना एकेक लाखाचा दंड ठोठावला आणि विकलेले कुकर परत घ्यायला लावले, अशी बातमी होती. डाळीचा डबा जिथे असतो तिथे तो ठेवला नाही म्हणून नंतर जे ऐकावं लागलं ते सोडा. मला काम मिळालं होतं.

बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्यूरो. त्याचा पूर्वावतार १९४७ सालचा, इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन. १९८७ मध्ये संस्था बदलली, पण शिक्का आयएसआयचाच राहिला. या ब्यूरोचं बीआयएस केअर नावाचं एक अ‍ॅप आहे, फुकट. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ लिहून पुढे आकडे. ते आकडे अ‍ॅपात टाकले की परवाना कोणत्या कारखान्याचा, पत्ता काय, चालू आहे की संपलाय, सगळं समोर येतं. शिक्का काय, कोणीही छापेल; पण आकड्याला मालक लागतो. चेकवरची सही पडताळण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या हातात हे अ‍ॅप देणं मला तरी धोक्याचं वाटतं.

मी स्वयंपाकघरात शिरलो.

“काय हवंय?” ओट्याकडून विचारणा झाली. मी आत पाऊल टाकलं की आमच्याकडे हाच प्रश्न येतो.

“ऑडिट आहे,” मी म्हटलं.

कुकर पास झाला. गॅसची शेगडी पास झाली. पाणी तापवायचा रॉडही पास झाला. रॉड, इस्त्री, विजेची शेगडी, रूम हीटर आणि गीझर यांना २००३ च्या आदेशापासून शिक्का बंधनकारक आहे, हे मी येताजाता सांगत होतो. ऐकायला आई होती. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती माझी आदर्श श्रोती आहे. पण मी तिच्या जुन्या सुमीत मिक्सरला हात लावला मात्र, तिला एकदम ऐकू येऊ लागलं.

“त्याला काय झालंय?”

“शिक्का पुसलाय, आई.”

“माझ्या हाताच्या रेषापण पुसल्यात. मलाही बाहेर काढ.”

मी मिक्सर जागेवर ठेवला. एक खरं, की त्या मिक्सरला इतिहास आहे. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणघाटणापुढे टिकेना, मोटरच जळाली. तेव्हा आपला मसाला झेपेल असा मिक्सर त्यांनी स्वतः बनवला, तोच सुमीत. म्हणजे तिथे उपकरणाची चाचणी आधी घरच्या मसाल्यानं घेतली होती. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “मला माहितीये. मी वाटत होते तेव्हा.”

राहिला बायकोचा नवा मिक्सर. ओट्यावर होता. त्यात डोशाची चटणी फिरवून झाली होती आणि ही कढीलिंब आणायला गॅलरीत गेली होती. मिक्सरचा शिक्का तळाला असतो. सगळ्याच उपकरणांचा शिक्का तळाला, पाठीला किंवा अशा जागी असतो की जिथे फक्त रोज पुसणाऱ्या माणसाची नजर जाते. मी खुर्चीवर बसून मोबाइलचा टॉर्च लावला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मिक्सर दोन्ही हातांनी उचलून उलटा केला.

भांडं वर बसवलेलंच होतं. झाकण नुसतं टेकवलेलं होतं.

चटणी थंड होती, एवढंच बरं म्हणायचं. ओल्या खोबऱ्याचा पहिला गोळा छातीवर उतरला, आणि मग हिरवं पाणी निवांतपणे बाहीतून कोपरापर्यंत गेलं. पण मी हललो नाही. तळ समोर होता, टॉर्च लागलेला होता, आणि आयएस ४२५० च्या शिक्क्याखालचे आकडे कोथिंबिरीच्या एका पानाआडून दिसत होते. मी ते मोठ्यांदा वाचून पाठ केले. हिनं दारातून हे बघितलं आणि कढीलिंब घेऊन परत गॅलरीत गेली.

हात धुऊन आकडे अ‍ॅपात टाकले. उत्तर आलं: हरियाणातला एक प्लायवूडचा कारखाना.

त्या क्षणी मला झालेला आनंद सांगता येत नाही. खोट्या शिक्क्याचा मिक्सर! तोही लोहार चाळीतून घासाघीस करून आणलेला! चटणीचं प्रकरण आता आपोआप मागे पडणार होतं. जेवताना मी भारतीय मानक ब्यूरो कायदा, २०१६ मधली शिक्षा सांगितली: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख दंड. डोशाबरोबर त्या दिवशी लोणचं होतं.

दुसऱ्या दिवशी मिक्सर पिशवीत घालून ठाण्याहून जलद लोकलनं सीएसएमटी गाठलं. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूनं लोहार चाळीत शिरताना माझी चाल वेगळी होती. ज्यांनी लोहार चाळ बघितली नाही त्यांना सांगतो, विजेच्या सामानाची ही मुंबईतली जुनी घाऊक पेठ. हातगाडीवर वायरींची बंडलं, डोक्यावर पंख्यांची खोकी, आणि प्रत्येक जण ‘साइड, साइड’ ओरडत आपल्याला बाजूला करत असतो. गुन्हा उघड करायला आलेल्या माणसाला अशी वागणूक मिळू नये.

दुकानदारासमोर मी मिक्सर ठेवला. “शेठ, हा प्लायवूडचा मिक्सर परत घ्या.”

“काका, बसा. पाणी घ्या.”

मी बसलो नाही. कायदा सांगितला. कैद सांगितली. दंड सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मिक्सर उलटा केला (भांडं मी घरी ठेवलं होतं), एक फडकं घेतलं, तळावर सुकलेली कोथिंबीर पुसली आणि आपल्या मोबाइलवर आकडे टाकले. त्याच्याकडेही तेच अ‍ॅप होतं. मिक्सरवर जिचं नाव होतं तीच कंपनी आली, परवाना चालू.

“मधला तीन आहे, काका. तुम्ही आठ टाकला असेल.”

मी चष्मा लावून पाहिलं. तीन होता.

“आणि काकूंनी घ्यायच्या आधी उलटा करून बघितला होता,” तो म्हणाला. “माझ्या लक्षात आहे. रोज शंभर लोक भाव विचारतात, तळ कोणी बघत नाही.”

परतीच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली, पण बाहेर बघावंसं वाटेना.

इथे दुसऱ्या कोणी ऑडिट बंद केलं असतं. मला घरात तोंड दाखवायला एक तरी दोषी उपकरण हवं होतं, आणि ते मिळायची आशा विजेच्या किटलीत होती. किटलीला हात लावला की झिणझिण्या येतात, ही हिची जुनी तक्रार. थंडीत असं होतं, असा निकाल मी पूर्वीच देऊन टाकला होता. आता तो फिरवला. बाहेरून स्टीलची आणि दिसायला गुळगुळीत, अशी वस्तू संशयास्पदच. सरकारी बोट आपल्याकडे नाही, तेव्हा मी स्वतःचं वापरायचं ठरवलं. फूटपट्टीवर मोजलं तर तर्जनी मापापेक्षा जाड भरली, म्हणून करंगळी घेतली. किटली चालू केली आणि शास्त्रशुद्ध पद्धतीनं करंगळी बुडाच्या कडेला हळूच टेकवली.

मी केलेला आवाज ऐकून शेजारचे बेल वाजवून चौकशी करून गेले. एका हातानं मोबाइल धरून मी किटलीचा क्रमांक टाकला, या वेळी चष्मा लावून. परवाना चालू. किटली निर्दोष. आता ही बोलली. “अहो, इलेक्ट्रिशियनला बोलवा.”

तो आला. टेस्टर किटलीला लावला, दिवा लागला. मग किटलीकडे न बघता भिंतीकडे बघू लागला. सॉकेटमध्ये एक पांढरा अडॅप्टर खोचलेला होता, कुठल्याही देशाची पिन खपवून घेणारा. त्याच्या पुढच्या तोंडात किटलीची तीन पिनांची वायर, आणि मागे पिना फक्त दोन. त्यानं अडॅप्टर उपटून टाकला, वायर थेट भिंतीत घातली, टेस्टर पुन्हा लावला. दिवा लागला नाही.

“अर्थिंगच नव्हतं, काका. तिसरी पिन हवेत होती.”

तापणाऱ्या कॉइलमधून थोडी वीज भांड्याच्या पत्र्यापर्यंत झिरपतेच. मानकानं त्याला मर्यादा घालून दिलेली असते, आणि झिरपलेली वीज जमिनीत नेऊन सोडायची जबाबदारी त्या तिसऱ्या, जाड पिनेची. म्हणून ती बाकी दोघींपेक्षा लांब असते. आत शिरताना आधी लागते, बाहेर पडताना शेवटी सुटते. घरातल्या कर्त्या बाईचं हे काम आहे. तिला हवेत लोंबकळत ठेवलं की शिक्का कितीही खरा असला तरी झटका बसतोच. हे सगळं त्यानं वायर गुंडाळता गुंडाळता सांगितलं, आणि मग विचारलं, “हे कुठनं आणलं?”

“लोकलमध्ये. दहा रुपयाला,” ही म्हणाली. “त्यांचं अंडी उकडायचं यंत्र आहे ना, त्यासाठी.”

ते यंत्र मी एका रात्री ऑनलाइन मागवलं होतं. त्याला दोन चपट्या पिना. अंगावर आयएसआय कुठेही नाही, फक्त ‘सीई’ अशी ऐटबाज अक्षरं. युरोपात अशा बहुतेक वस्तूंवर ती अक्षरं कारखानदार स्वतःच लावून घेतो, आपल्याकडे त्यांना किंमत नाही. ओट्याखालच्या कपाटात ते पडून होतं, कारण अंडी भांड्यात उकडतात हे आमच्याकडे आधीपासून माहीत होतं. अडॅप्टर मात्र सॉकेटमध्येच राहून गेला आणि किटली त्यात जाऊन बसली. म्हणजे घरात तिनं आणलेलं सगळं पास, आणि मी आणलेल्या दोन्ही वस्तू नापास. या निष्कर्षावर सविस्तर चर्चा होऊ नये, असं माझं मत पडलं.

अशा यंत्रांसाठीच २०२४ साली केंद्रानं एक मोठा आदेश काढला. २५० व्होल्टपर्यंतची एकफेजी घरगुती उपकरणं, ज्यांच्यासाठी वेगळा आदेश नाही, ती सरसकट त्या पोलादी बोटाखाली आणायची. नंतर अंमलाची तारीख पुढे गेली. चाचणीचा खर्च परवडत नाही, प्रयोगशाळा कमी पडतात, असं लहान कारखानदार म्हणतात, आणि ते खोटं म्हणणार नाही. पण ज्याला करंगळी लावून तपासावं लागलंय त्याचं मत विचाराल, तर सक्ती हवी. बोट त्यांचं असलेलं बरं.

आता वाचकांना. अ‍ॅप जरूर घ्या, आकडे चष्मा लावून वाचा, लोकलमधला दोन पिनांचा अडॅप्टर घरात असेल तर आज फेकून द्या. आणि मिक्सरचा तळ बघायचाच असेल, तर आधी बटण बंद करा, मग प्लग काढा, मग भांडं उतरवा, आणि त्यानंतरच मिक्सर उलटा करा.