हेक्टरात न मावणारी वाडी

सुपारीचं रोप लावल्यावर पहिलं फळ हाती यायला सहा-सात वर्षं जातात. बाणवली माडाचंही तसंच. जायफळाला बहुतेक वेळा त्याहून जास्त थांबावं लागतं. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे मंडणगड-दापोलीपर्यंत त्याने काही तासांत बागा आडव्या केल्या. आजोबांनी लावलेलं, वडिलांनी शिंपलेलं आणि नातवाच्या शिक्षणासाठी धरून ठेवलेलं सगळं एकाच दुपारी मातीत गेलं.

मग पंचनामे झाले. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक चिखल तुडवत घरोघर फिरले. त्यांच्या कष्टांबद्दल तक्रार नाही, तक्रार त्यांच्या हातातल्या मापाबद्दल आहे. केंद्राच्या निकषात बहुवार्षिक फळबागेला तेव्हा हेक्टरी १८,००० रुपये होते. राज्य सरकारने ते ५०,००० केले, मर्यादा दोन हेक्टर. आकडा मोठा वाटतो. आता भागाकार करा. हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. श्रीवर्धन-दिवेआगरातल्या कित्येक वाड्या दहा-वीस गुंठ्यांच्या आहेत. दहा गुंठे वाडी भुईसपाट झालेल्या माणसाला या हिशेबाने ५,००० रुपये मिळणार होते. तेवढ्यात पडलेली झाडं तोडून वाडीबाहेर काढायची मजुरीही भागत नव्हती.

लोकांनी ओरड केली, तेव्हा झाडावर हिशेब आला. माडाला २५० रुपये आणि सुपारीला ५० रुपये. झाड मोजायला हवं हे सरकारने मान्य केलं, एवढं बरं झालं. किंमत मात्र लाजिरवाणी होती. नारळ विकास मंडळाची माडासाठी विमा योजना आहे. तिच्यात ४ ते १५ वर्षांच्या माडाचा विमा ९०० रुपयांचा आणि १६ ते ६० वर्षांच्या माडाचा १,७५० रुपयांचा. म्हणजे विम्याच्या कागदावर जुन्या माडाची किंमत १,७५० आणि मदतीच्या कागदावर २५०. सुपारीला तर तेवढाही आधार नाही. राज्यातली हवामानावर आधारित फळपीक विमा योजना कोकणात आंबा-काजूसाठी ओळखली जाते, सुपारीच्या वाटेला ती येत नाही.

हेक्टरचं माप चुकीचं आहे, कारण वाडी म्हणजे शेत नाही. सुपारीच्या सावलीत जायफळ, माडावर मिरवेल, पाटाच्या कडेला केळी, कुंपणाला अननस अशी एकावर एक रचलेली ती मिळकत असते. भाताचं शेत वाहून गेलं तर पुढच्या पावसात पुन्हा लावणी होते. वाडी गेली की सात-आठ वर्षांचं उत्पन्न जातं. सरकारी तक्त्यात क्षेत्रफळाचा रकाना आहे, वर्षांचा नाही. खरं नुकसान मात्र वर्षांचंच असतं.

आता माणसांकडे वळू. वादळ आलं ते आगोटीच्या तोंडावर. घराघरात पावसाळ्याची बेगमी झालेली. लाकूडफाटा रचलेला, सुकी मासळी डब्यात, तांदूळ-मसाला भरलेला, गुरांचा पेंढा माळ्यावर. कौलं आणि पत्रे उडाले आणि ही बेगमी पहिल्याच दिवशी भिजली. पाठोपाठ मोसमी पाऊस आला. ताडपत्री मिळेना आणि मिळाली तर भाव चढलेला. पत्र्याचंही तेच. शिवाय तो कोरोनाच्या टाळेबंदीचा काळ. मुंबईचे चाकरमानी कामधंदा गमावून गावी आलेले, म्हणजे खाणारी तोंडं वाढली आणि दर महिन्याला येणारा पैसा थांबला. हरिहरेश्वर-दिवेआगरच्या घरगुती खानावळी आणि राहायच्या खोल्या मार्चपासून बंदच होत्या. एकाच वर्षात तिन्ही बाजूंनी मार बसला.

लोकांनी काय केलं? सरकारी यंत्रं यायच्या आधी कोयती-कुऱ्हाडी घेऊन रस्ते मोकळे केले. ज्या घराची एक खोली कोरडी राहिली, तिथे शेजारची दोन-तीन कुटुंबं झोपली. चार घरांनी मिळून आधी एकाचं छप्पर शाकारलं, मग दुसऱ्याचं. उडालेल्या पत्र्यांतले ठोकून सरळ होण्यासारखे निवडले, धड कौलं वेगळी काढली, मोडलेल्या वाशांतून जमेल तेवढी रीप काढली. वीज गेली तशी पंप थांबले आणि बायका पुन्हा विहिरीवर दोर-बादली घेऊन उभ्या राहिल्या. कुठे वर्गणी काढून जनरेटर आणला, त्यावर पाण्याच्या टाक्या भरल्या आणि मोबाइल चार्ज केले. वीज कंपनीची माणसं बाहेरच्या जिल्ह्यांतून आली, पण खांब वाडीवस्तीपर्यंत न्यायला रस्ता नव्हता. तिथे गावातल्या पोरांनी ते खांद्यावरून वाहिले. कित्येक वाड्यांत दिवा लागायला आठवडे गेले.

याला पुढे कौतुकाचं नाव मिळालं. कोकणी माणूस चिवट, कोकणी माणूस हात पसरत नाही, कोकणी माणूस पुन्हा उभा राहतो. हे कौतुक बंद करा. ज्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही, तो उभा राहणारच. त्याच्या उभं राहण्याचा खर्च त्याने कुठून काढला ते विचारा. कुणी मंगळसूत्र गहाण ठेवलं, कुणी पतपेढीचं कर्ज काढलं, कुणी मुंबईतल्या भावाकडून उसने घेतले, कुणी मुलाचं कॉलेज थांबवलं. चिवटपणाची किंमत अशी त्या घराच्या खिशातून जाते आणि त्याच चिवटपणाकडे बोट दाखवून सरकारी मदत तोकडी ठेवली जाते.

याहून वाईट अवस्था ज्यांच्या नावावर काहीच नाही त्यांची. भरपाई सातबाऱ्यावर मिळते. माडावर चढणाऱ्या पाडेल्याच्या नावे सातबारा नसतो. वाडीत शिंपण करणाऱ्या गड्याच्या नावे नसतो. सुपारी सोलून रोजगार मिळवणाऱ्या बाईच्या नावे नसतो. मालकाची वाडी गेली, तशी यांची पुढच्या कित्येक वर्षांची मजुरी गेली. पंचनाम्यात या नुकसानीला जागाच नाही. कातकरी वाड्यांवर आणखी पेच असतो. घर अनेकदा दुसऱ्याच्या जमिनीवर उभं, उतारा नाही, मग पडलेलं घर कागदावर आणायचं कसं? आधी आपण तिथे राहतो हे सिद्ध करायचं, मग छप्पर गेल्याचं. डोक्यावर पाऊस असताना माणसाला हे करायला लावणं हा अन्याय आहे.

ज्यांच्या नावे सातबारा आहे, त्यांचीही सुटका नाही. पणजोबांच्या नावाची जमीन, वारस पंधरा-वीस, निम्मे मुंबई-पुण्यात, दोघे परदेशात, एकाशी बोलणं बंद. वाडी राखणारा एकच, गावात राहिलेला भाऊ. पैसे त्याच्या खात्यात जायला बाकीच्यांची संमती लागते. जो वाडीत घाम गाळतो, त्याने भरपाईसाठी आधी नातलगांचे उंबरे झिजवायचे. यात सरकारचा दोष आहे, तितकाच आपला, शहरात बसलेल्या वारसांचाही आहे.

निसर्गला वर्ष पुरं होण्याआधी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. नुकतेच बसवलेले पत्रे पुन्हा उडाले आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बागांनीही मार खाल्ला. त्याआधी नोव्हेंबर २००९ मध्ये फयान येऊन गेलं होतं. अरबी समुद्र शांत असतो या समजुतीवर आता कुणी विसंबू नये. समुद्राचं पाणी तापतंय आणि वादळांना बळ मिळतंय, हे हवामानशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. निसर्गच्या वेळी हवामान खात्याने वेळेवर इशारा दिला, प्रशासनाने हजारो माणसं हलवली आणि त्यामुळे जीव वाचले. ही कामगिरी मोठी आहे. पण जीव वाचवण्याची तयारी जितकी नेटकी झाली, तितकीच वाचलेल्या माणसाला जगवण्याचीही व्हायला हवी.

मागण्या साध्या आहेत. कोकणातल्या वाडीची भरपाई क्षेत्रफळावर नको, झाडावर आणि झाडाच्या वयावर द्या. नवं झाड फळाला येईपर्यंत दर वर्षी थोडी रक्कम द्या, एकदाच तुकडा टाकून मोकळे होऊ नका. सुपारीला विम्याचं कवच द्या. वाडीतल्या मजुरांना साफसफाई आणि नव्या लागवडीचं काम रोजगार हमीतून तिथेच, त्याच महिन्यात द्या. किनाऱ्यावरच्या वीजवाहिन्या जमिनीखालून न्या.

आणि वाचकहो, दोन गोष्टी आपल्याही हातात आहेत. तुमची गावाकडे वाडी असेल, तर ई-पीक पाहणीत तिथली झाडं आजच नोंदवा, कारण नोंद नसलेलं झाड पंचनाम्यात मोजून घेताना फार झगडावं लागतं. आणि सामाईक सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल, तर वाडी राखणाऱ्या भावाला किंवा वहिनीला संमतीपत्र आत्ताच लिहून द्या. पुढच्या वादळाची वाट पाहू नका.